आगोटीचा पाऊस, वळवाचा पाऊस

राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, चर्चमध्ये सकाळी सहाच्या मिस्साला (उपासनेला) बायबलातलं पहिलं वाचन माझ्याकडे होतं. लग्न होऊन वसईला आले त्याला आता पंचवीस वर्षं होतील. वाचन करायला लागूनही दहाएक झाली. तरी त्या दिवशी हात जरा कापतोच. वाचन दरवर्षी एकच असतं, योएल संदेष्ट्याच्या दुसऱ्या अध्यायातली बारा ते अठरा वचनं. आता तरी मनापासून माझ्याकडे वळा, उपवास करा, रडा, आणि आपली वस्त्रं नव्हे तर हृदयं फाडा. फादरांनी सात मिनिटांत प्रवचन आटपलं, कारण पुढे लोकांना सात-बाराची विरार फास्ट गाठायची असते. उपवास म्हणजे नुसतं मटण सोडणं नव्हे, भावकीत बोलणं बंद असेल तर आज जाऊन बोला, एवढंच सांगितलं. मग गेल्या वर्षीच्या झावळ्या जाळून केलेली राख कपाळावर. सासूबाई ती दिवसभर पुसत नाहीत. मासळीबाजारातून येताना घाम टिपतात तोही तेवढी जागा सोडून.

संध्याकाळी पिंपरीहून धाकट्या भावाचा फोन.

"ताई, आमच्याकडे तीन दिवस उपवास-प्रार्थना आहे. पास्टरांनी योएल दोन घेतलाय."

"अरे, आमच्याकडेही आज तोच होता. मीच वाचला."

"खरंच? कुठलं वचन?"

"बारा ते अठरा."

"हं. आमचं अठ्ठावीस."

त्या 'हं'मध्ये सगळं आलं. चर्चगेटची गाडी पकडून मी अंधेरीलाच उतरले, असं काहीसं. अठरा ते अठ्ठावीस अंतर मोजून दहा वचनांचं, पण त्या दहांत आमच्या घरातली तीन चर्चं बसतात. माझं माहेर नगर जिल्ह्यातलं, अमेरिकन मराठी मिशनच्या काळापासूनचं प्रोटेस्टंट. 1970 पासून ती मंडळी चर्च ऑफ नॉर्थ इंडियात आहे. सासर वसईचं, कॅथलिक. आणि भाऊ गेली वीस वर्षं पेन्टेकॉस्टल, म्हणजे पवित्र आत्म्याच्या थेट अनुभवावर भर देणाऱ्या मंडळीतला. नाताळात सगळे एका ताटावर बसतो आणि वड्यांबरोबर थोडे वादही तळून निघतात.

योएलाचं पुस्तक इवलंसं आहे, सगळी मिळून 73 वचनं. बायबलात शोधायला गेलं तर दोन बोटांच्या चिमटीत येतं आणि निसटतं. योएल कोण, तर पथुएलाचा मुलगा, बस. कुठल्या राजाच्या काळी झाला हे पुस्तक सांगत नाही, त्यामुळे अभ्यासकांनी त्याला वेगवेगळ्या शतकांत नेऊन बसवलं आहे. गोष्ट मात्र शेतकऱ्याला लगेच कळेल अशी. टोळधाड येते, पीक जातं, पाठोपाठ दुष्काळ. संदेष्टा म्हणतो, रडा, वळा. देव द्रवतो, पाऊस देतो, खळी धान्याने भरतात. मग अचानक अठ्ठाविसाव्या वचनात सूर वर चढतो: यानंतर मी मनुष्यमात्रावर आपला आत्मा ओतीन, तुमचे पुत्र व तुमच्या कन्या संदेश देतील, वृद्धांना स्वप्नं पडतील, तरुणांना दृष्टांत होतील. पुढे रक्त, अग्नी, धुराचे खांब, काळवंडलेला सूर्य, रक्तासारखा चंद्र. आणि शेवटी राष्ट्रांचा न्याय.

याला दुसऱ्या अध्यायाचं अठ्ठाविसावं वचन म्हणायचं, हेही सगळ्यांना मान्य नाही. हिब्रू बायबलात योएलाचे चार अध्याय आहेत आणि हे वचन तिथे तिसऱ्याचं पहिलं आहे. नवऱ्याच्या इंग्रजी कॅथलिक बायबलातही तसंच. भाऊ एकदा त्यात अठ्ठावीस शोधत बसला होता. दुसरा अध्याय सत्ताविसालाच संपलेला बघून म्हणाला, "भावजी, तुमच्या बायबलातून नेमका पवित्र आत्माच काढून टाकलाय!" नवऱ्याने पान उलटून दाखवलं. दोघं हसले. पण गंमत म्हणून सोडून देण्यासारखंही ते नाही. अध्याय संपला की वाचणारा थांबतो, श्वास घेतो, आणि पुढचं वेगळं म्हणून वाचतो. मला वाटतं, एकाच शास्त्राचे इतके वेगळे उपदेश होतात ते शब्दांच्या अर्थापेक्षा या थांबण्याच्या जागांमुळे जास्त. कोण कुठे चढतो, कुठे उतरतो.

भाऊ म्हणतो, कॅथलिकांना अठ्ठावीस माहीतच नाही. तसं नाही. पेन्टेकॉस्टच्या, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरल्याच्या सणाच्या, आदल्या संध्याकाळच्या जागरणाच्या मिस्सासाठी नेमलेल्या वाचनांत ते आहे. मात्र त्या शनिवारी चर्चमध्ये माणसं किती असतात, ते विचारू नये. राखेच्या बुधवारी उभं राहायला जागा नसते. म्हणून सासूबाईंचा योएल म्हणजे हृदय फाडा, आणि तेवढाच. त्या कधी चुकून 'आत्मा ओतीन' म्हणाल्या नाहीत. पण भावकीतल्या एका जावेशी अकरा वर्षं बोलणं नव्हतं, तिच्याकडे एका राखेच्या बुधवारी संध्याकाळी त्या केळीचा घड घेऊन गेल्या होत्या, कपाळावरची राख तशीच ठेवून. प्रवचनाचं यश कशात मोजायचं ते ज्याचं त्याने ठरवावं.

ग्रीक-रशियन ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये हाच भाग पेन्टेकॉस्टच्या सांध्यप्रार्थनेत येतो, आणि तिथे तो पावसापासून सुरू होतो, तेविसाव्या वचनापासून. एका बाजूला मोशेच्या सत्तर वडीलधाऱ्यांवर आत्मा उतरल्याची गणना ग्रंथातली गोष्ट, दुसऱ्या बाजूला यहेज्केलातलं 'मी तुम्हांला नवं हृदय देईन', आणि मध्ये योएल. वर भाष्य नाही. तीन जुने उतारे शेजारी ठेवायचे, मग स्तोत्रं, धूप. मला ही पद्धत आवडते. जे सांगायचं ते शेजारी काय ठेवलं यातूनच सांगायचं, जसं ताटात मीठ-लिंबाची जागा ठरलेली असते.

आता त्या तेविसाव्या वचनातल्या पावसाकडे येते, कारण माझा जीव त्यातच अडकला आहे.

मराठी बायबलात तिथे शब्द आहेत आगोटीचा पाऊस आणि वळवाचा पाऊस. ज्याने कुणी हे शब्द पहिल्यांदा घातले त्याचा कान शाबूत होता, पण त्याने एक घोटाळाही करून ठेवला. पॅलेस्टाइनमध्ये उन्हाळाभर थेंब नसतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पहिला पाऊस येतो, भेगाळलेली जमीन मऊ होते, नांगरट-पेरणी होते. हिवाळाभर तो पडत राहतो. मग मार्च-एप्रिलमध्ये शेवटची सर येते, तिच्यावर जव-गव्हाचा दाणा भरतो आणि कापणी होते. म्हणजे पहिला पाऊस बियाण्यासाठी, शेवटचा दाण्यासाठी. इंग्रजीतही ते 'आधीचा' आणि 'नंतरचा' असेच आहेत. आपल्याकडे? वळीव आधी येतो. एप्रिल-मेच्या एखाद्या दुपारी धुळीचा लोट उठतो, गारा पडतात, आंब्याचं फळ झडतं, अर्ध्या तासात सगळं शांत. मग मृगात आगोट. वसईत तर आगोट म्हणजे नुसता पाऊस नाही, तो एक कामाचा डोंगर आहे. सुकट-बोंबील डब्यांत भरा, लाकूडफाटा आत घ्या, मसाले कुटा. सासूबाई मे महिन्यात 'आगोट जवळ आली' म्हणतात तेव्हा घरातले पुरुष हळूच बाहेर सटकतात.

आता भावाच्या पास्टरांचा उपदेश ऐका. मी तो प्रत्यक्ष ऐकला आहे, पिंपरीत एका गॅरेजच्या वरच्या हॉलमध्ये, पत्र्याखाली, दोन मोठे स्पीकर आणि एक कीबोर्ड यांच्या सोबतीने. "आगोटीचा पाऊस कधी पडला? पेन्टेकॉस्टच्या दिवशी, यरुशलेमेत, एकशे वीस जणांवर! आणि वळवाचा पाऊस? तो शेवटचा पाऊस! तो आता पडतोय! तुमच्यावर!" लोक उभे, हात वर, कुणी अन्य भाषांत, म्हणजे आत्म्याने दिलेल्या, न शिकलेल्या भाषांत बोलतंय, कुणी रडतंय. हा विचार पास्टरांचा स्वतःचा नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून पेन्टेकॉस्टल लोक स्वतःच्या चळवळीला 'नंतरचा पाऊस' म्हणत आले. 1948 मध्ये कॅनडातल्या नॉर्थ बॅटलफर्डला जी नवी लाट उठली तिचं तर नावच ते पडलं. बियाण्याचा पाऊस प्रेषितांना, दाण्याचा आपल्याला, आता कापणी जवळ. हिशेब चोख आहे, पण तो पॅलेस्टाइनच्या पंचांगावर. नगरच्या माणसाच्या कानाला 'वळवाचा' म्हटलं की शेवटचा वाटतच नाही, तो आधीचा वाटतो. खऱ्या पावसाची वर्दी देऊन पळून जाणारा.

त्याहून मोठी गंमत हिब्रूत आहे. 'आगोटीचा पाऊस' जिथे पहिल्यांदा येतो तिथे मूळ शब्द आहे 'मोरे', आणि त्याचा अर्थ पहिला पाऊस असाही होतो आणि शिक्षक असाही. पुढे 'नीतीसाठी' असा शब्द जोडलेला. संत जेरोमने बेथलेहेमात बसून लॅटिन भाषांतर केलं, पाचव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला ते पूर्ण झालं, त्यात त्याने लिहिलं 'नीतीचा शिक्षक'. झालं! पुढची हजार वर्षं पश्चिमेकडच्या चर्चने या ओळीत येशूला पाहिलं, पावसाला नाही. लूथरच्या जर्मन बायबलातही शिक्षकच राहिला. 1611 च्या इंग्रजी बायबलाने मजकुरात पाऊस घेतला आणि समासात हळूच शिक्षकाची नोंद ठेवली. त्यांच्याही आधीच्या ग्रीक भाषांतरात तर तिसरंच, अन्न. म्हणजे एका शब्दावर कुणाला गुरू मिळाला, कुणाला पाऊस, कुणाला भाकरी. आताची भाषांतरं, कॅथलिकसुद्धा, बहुतेक पावसाच्या बाजूची आहेत, कारण त्याच वचनात पुढे तोच शब्द वळवाच्या जोडीला येतो आणि तिथे शिक्षकाला काही काम नाही. आमच्या धर्मग्रामातल्या एका जुन्या फादरांनी हे मला सांगितलं होतं आणि वर म्हणाले होते, "शाळा जूनमध्येच सुरू होते, त्यामुळे दोन्ही अर्थ चालतील."

माझ्या लहानपणी या सगळ्याचा पत्ता नव्हता. आमच्या गावच्या देवळात (होय, नगरकडे आम्ही चर्चला देऊळच म्हणायचो) पेन्टेकॉस्टच्या रविवारी पाळकसाहेब प्रेषितांची कृत्ये दोन वाचायचे. पेत्र उठून सांगतो, ही माणसं प्यायलेली नाहीत, सकाळचे नऊच वाजलेत; हे तर योएलाने सांगितलं तेच आहे. आम्हा पोरांना 'प्यायलेली नाहीत' या शब्दांवर हसू यायचं, कारण गावात नऊ वाजता प्यायलेले दोघेतिघे आम्हांला नावानिशी ठाऊक होते. पाळकसाहेबांचा आत्म्यावर फार भर नसे. आत्मा ओतला गेला, मंडळी स्थापन झाली, ते कार्य झालं. प्रोटेस्टंट सुधारक कॅल्व्हिनच्या वाटेवरच्या पुष्कळ उपदेशकांनी असंच शिकवलं, की ते चमत्कारांचं वरदान त्या काळापुरतं होतं. उलट अमेरिकन उपदेशक स्कोफिल्डच्या 1909 च्या टीपांच्या बायबलावर वाढलेले म्हणतात, पेन्टेकॉस्टला पूर्तता झाली ती अर्धीच, उरलेली इस्राएलासाठी राखून ठेवली आहे. एकाचं दार बंद झालंय, दुसऱ्याचं उघडायचंय, आणि भावाच्या हॉलमध्ये ते सताड उघडं आहे, वर पंखेही लावलेत. पेत्र बिचारा म्हणाला होता 'हे तेच आहे'. आणि योएलाच्या 'यानंतर'च्या जागी त्याने 'शेवटल्या दिवसांत' घातलं, त्या दोन शब्दांवर दोन हजार वर्षं भांडण चाललंय.

पाळकसाहेब उतरायचे ते बत्तिसाव्या वचनावर. जो कोणी परमेश्वराचा धावा करील तो तरेल. 'जो कोणी' म्हणताना ते थांबायचे आणि सगळ्या बाकांवरून नजर फिरवायचे. आमची मंडळी बहुतेक सगळी महार-मांग वाड्यांतून आलेली. आजोबांच्या वडिलांना गावच्या विहिरीवर पाणी भरता येत नव्हतं. त्यामुळे 'जो कोणी' हे दोन शब्द आमच्याकडे व्याकरणातलं सर्वनाम नव्हते. आणि 'धावा' हा शब्द तर बायबलाच्याही आधीपासून या मातीतला, द्रौपदीने केला तो, संतांनी केला तो. मला आजही पावसापेक्षा, आत्म्यापेक्षा ते थांबणं आधी आठवतं.

योएलाचा सर्वांत जवळचा मराठी संबंध मात्र दौंडच्या अलीकडे, केडगावला आहे. (नगरचं केडगाव वेगळं. आमच्याकडे पाहुण्यांना दरवेळी हे सांगावं लागतं.) पंडिता रमाबाईंनी 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो पोरी-बायका आणल्या आणि केडगावला निराधार बायकांसाठीचं त्यांचं मुक्ती सदन, आमची मुक्ती, उभं राहिलं. माझ्या आजीची आई त्या पोरींतली. सात वर्षांची होती, आणि विधवा. 1905 च्या जानेवारीत रमाबाईंनी प्रार्थनेसाठी बायका मागितल्या, सत्तर जणी पुढे आल्या, जूनपर्यंत साडेपाचशे झाल्या. जूनच्या अखेरीस एका पहाटे साडेतीनच्या सुमाराला एका मुलीला आत्म्याचा अनुभव आला. शेजारच्या अंथरुणावरची उठून बघते तर हिला आगीने वेढलेलं. ती धावत गेली, बादली भरून आणली आणि ओतणार तेवढ्यात तिच्या लक्षात आलं की काही जळत नाहीये. मिनी अब्राम्स या अमेरिकन मिशनरी बाई तेव्हा मुक्तीत होत्या, त्यांनी हे लिहून ठेवलं. दुसऱ्या दिवशी रमाबाई योहानाचा आठवा अध्याय नेहमीच्या शांतपणे समजावत होत्या, तर सगळ्या पोरी एकदम मोठ्याने प्रार्थना करू लागल्या, रमाबाईंना बोलणं थांबवावं लागलं.

लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवरची सभा, जिथून पेन्टेकॉस्टल चळवळीचा इतिहास बहुतेक पुस्तकं सुरू करतात, ती एप्रिल 1906 ची. केडगाव त्याच्या आधीचं. अब्राम्सबाईंची या अनुभवावरची छोटी पुस्तिका चिलीत व्हालपाराइसोला त्यांच्या जुन्या वर्गमैत्रिणीकडे गेली, तिचे पती विलिस हूव्हर मेथडिस्ट पाळक होते, आणि 1909 मध्ये तिथेही तेच पेटलं. चिलीतले पेन्टेकॉस्टल आपला उगम सांगताना केडगाव सांगतात आणि पिंपरीचे पास्टर सांगतात अमेरिका! हे मी भावाला ऐकवलं तेव्हा त्याने पास्टरांना सांगतो म्हणून कबूल केलं. अजून सांगितलं नसावं.

यात रमाबाईंचं वागणं मला फार शहाणपणाचं वाटतं. इंग्लंडात वाँटेजला 1883 मध्ये त्यांनी अँग्लिकन बाप्तिस्मा घेतला होता, पण कुठल्या पंथाच्या खुंट्याला त्या कधी बांधून राहिल्या नाहीत. मुक्तीत पुढे अन्य भाषा बोलणं सुरू झालं तर ते त्यांनी थांबवलं नाही, आणि भाषा बोलली नाही तर आत्मा मिळाला नाही असंही म्हटलं नाही. बाहेरचे काही हा उन्माद आहे म्हणत होते. पोरी आपल्या भाषेत रडतात तर रडू देत, असं रमाबाईंचं धोरण दिसतं. 'कन्या संदेश देतील' हे त्यांच्या अंगणात अक्षरशः घडत होतं, टोळ्याटोळ्यांनी पोरी गावोगाव उपदेशाला जात होत्या.

त्या 'कन्यां'चं पुढे काय झालं हा प्रश्न मी घरातल्या तिन्ही चर्चना विचारते आणि तिघंही घसा खाकरतात. इंग्लंडात क्वेकर पंथाच्या मार्गारेट फेलने 1666 मध्ये बायकांच्या बोलण्याच्या बाजूने पुस्तिका लिहिली तेव्हा हेच वचन पुढे केलं होतं. दक्षिण भारताच्या चर्चमध्ये 2013 मध्ये पुष्पा ललिता बिशप झाल्या. पण माझी भावजय, जी त्या हॉलमध्ये सगळ्यांत सुंदर साक्ष देते, ती उपदेशाला मात्र उभी राहिलेली मी पाहिली नाही. माझ्याकडे वाचन आहे, प्रवचन नाही, ते दीक्षित पुरुषांचं. बाईला वाचकपदाची अधिकृत नेमणूक मिळण्याचं दार पोप फ्रान्सिसनी 2021 मध्ये उघडलं, आम्ही त्याआधीच कितीतरी वर्षं वाचत होतो. योएल वाचताना 'तुमच्या कन्या' माझ्या तोंडी कधी येतच नाही, बुधवारी मी अठरालाच थांबते ना.

रक्ताच्या चंद्राबद्दल मात्र मला फार लिहायचं नाही. दर ग्रहणाला तो उगवतो. अॅडव्हेंटिस्ट मंडळींच्या जुन्या पुस्तकांत 19 मे 1780 चा अमेरिकेतला काळोखा दिवस या वचनांच्या जोडीने सांगितलेला असतो. तो काळोख जंगलच्या वणव्यांच्या धुराचा होता, असं आता मानतात. 2020 च्या मे महिन्यात टोळधाड अमरावती-वर्धा-काटोलपर्यंत आली, वर लॉकडाऊन, तेव्हा आमच्या घरच्या ग्रुपवर योएलाचा पूर आला. भावाने चंद्राचा फोटो टाकला. नागपूरकडच्या एका मावसभावाने खाली लिहिलं, "आमेन. संत्र्याची बाग शेजारीच आहे, फवारणीचा नंबर कुणाकडे आहे का?"

पंचविसाव्या वचनाची मात्र मी पूर्वी टिंगल करायचे ती आता करत नाही. टोळांनी खाल्लेल्या वर्षांची मी भरपाई करीन. भावाच्या पास्टरांचं ते लाडकं आहे. गेलेली नोकरी, थकलेले हप्ते, अडकलेलं लग्न, सगळे टोळ. मला ते देवाला विमा कंपनीत बसवल्यासारखं वाटायचं. एकदा त्या हॉलमध्ये माझ्या शेजारी एक बाई होती. नवऱ्याचं वर्कशॉप बंद पडलेलं, मुलगा दारूला लागलेला. ती फक्त 'वर्षं' एवढाच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होती. पैसे नाही, नोकरी नाही, वर्षं. त्यानंतर माझं तोंड बंद झालं.

आजीचा योएल या सगळ्यांहून निराळा होता. ती पहिला अध्याय वाचायची. कुठल्याच चर्चमध्ये मी पहिल्या अध्यायावर उपदेश ऐकलेला नाही, ना राखेला, ना पेन्टेकॉस्टला. ढेकळांखाली बी कुजून गेलं, कोठारं ओस पडली, चारा नाही म्हणून जनावरं कण्हतात. यात कुणी तरत नाही, काही ओतलं जात नाही. 72 च्या दुष्काळात आजी पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जायची. मिलोची भाकरी आणि सुकडी यांवर ते वर्ष काढलं. मी त्याच वर्षी जन्मले. आई सांगते, संध्याकाळी कंदिलाजवळ आजी हा अध्याय मोठ्याने वाचायची आणि दुसरा सुरू व्हायच्या आत पुस्तक मिटायची. पाळकसाहेब एकदा म्हणाले, "बाई, पुढे वाचा, पुढे आशा आहे." आजी म्हणाली, "पुढचं पाऊस पडल्यावर वाचीन."

ते बायबल तिच्या आईचं, मुक्तीच्या छापखान्यात छापलेलं, रमाबाईंच्या भाषांतराचं. मुक्तीतल्या बायकांनीच त्याचे खिळे जुळवलेले. आजी गेल्यावर ते माझ्याकडे आलं. पान पिवळं, कडा उंदराने खाल्लेल्या. त्यात योएलाच्या पहिल्या अध्यायात एकाच वचनाखाली पेन्सिलीची रेघ आहे, आठव्या. तरुणपणीच्या नवऱ्यासाठी गोणपाट नेसलेल्या कुमारिकेसारखी तू रड. सात वर्षांच्या विधवेने ही रेघ कधी मारली असेल, माहीत नाही. दुष्काळ, टोळ, यहूदा, मंदिर हे सगळं बाजूला राहून या ओळीत तिला फक्त स्वतःची जागा दिसली असावी. अकरा-बारा टीकाग्रंथ मी चाळले. या वचनावर दोन-तीन ओळींपलीकडे कुणी थांबत नाही. ती थांबली होती.

भाऊ नव्यानेच पेन्टेकॉस्टल झाला होता त्या वर्षीच्या मे महिन्यातली गोष्ट. आम्ही सगळे गावी होतो. दुपारी तीनला आभाळ काळं झालं, वारा सुटला, पडवीतल्या वाळवणावर सगळ्याजणी धावलो, आणि पत्र्यावर टपटप सुरू झाली. गाराही पडल्या. मातीचा वास. भाऊ भिजत अंगणात उभा, हात पसरलेले, डोळे मिटलेले.

"आजी! बघ, वळवाचा पाऊस! शेवटचा पाऊस!"

आजी बाजेवर बसली होती. सुपातल्या कुरडया तिने आधीच आत ओढून घेतल्या होत्या.

"शेवटचा कसला मेल्या," ती म्हणाली, "अजून मृग यायचाय." मग माझ्याकडे वळून, "पोरी, तिकडे पागोळीखाली बादली ठेव. दोन ठेव."